जहाजाचं तिकीट काढलं, विम्याचं काय?

न्यू जर्सीत एडिसनला राहणारी मुलगी पुण्याहून आलेल्या आईबाबांसाठी क्रूझ बुक करायला बसते. बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून निघायचं, बर्म्युडाला दोन-तीन दिवस थांबायचं आणि परत यायचं. नावं, पासपोर्ट, केबिन, जेवणाची पाळी असं सगळं भरून होतं आणि पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर एक चौकोन येतो: ‘प्रवास विमा हवा आहे का?’ आकडा बघून ती थबकते. आईबाबा भारतातून निघतानाच सहा महिन्यांचा विमा काढून आलेत, मग हा दुसरा कशाला? नवरा म्हणतो, पैसे वाया. मैत्रीण म्हणते, समुद्राचा भरवसा नाही, घेऊन टाक.

रेल्वेचं तिकीट काढतानाही असाच चौकोन येतो. तिथे रुपयाहून कमी पैशांत दहा लाखांचा अपघात विमा मिळतो, त्यामुळे विचार न करता खूण केली तरी काही बिघडत नाही. क्रूझच्या चौकोनातली रक्कम मात्र माणशी काही हजार रुपयांची असते आणि तिच्या बदल्यात नेमकं काय मिळतं हे त्या पानावर धड लिहिलेलं नसतं. म्हणून ‘घ्यावा की न घ्यावा’ या प्रश्नाआधी ‘कशाचा घ्यावा’ हे कळायला हवं.

एका पॉलिसीत दोन वेगळे धोके

क्रूझच्या विम्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. पहिली म्हणजे भाड्याचे पैसे: जाणं रद्द झालं, मध्येच सोडून यावं लागलं, तर बुडालेली रक्कम. दुसरी म्हणजे शरीर: समुद्रात किंवा परक्या बंदरात आजारपण आलं, तर उपचारांचा आणि तिथून हलवण्याचा खर्च.

या दोन नुकसानांचा आकार अगदी वेगळा आहे. भाडं बुडालं तर किती बुडेल हे बुकिंग करतानाच माहीत असतं, त्याहून एक रुपयाही जास्त जात नाही. आजारपणाच्या खर्चाला असं छप्पर नसतं.

विमा कंपनी सगळ्यांकडून हप्ते गोळा करते. त्यातून दावे, कार्यालयाचा खर्च आणि एजंटचं कमिशन भागवते, नफाही काढते. याचा सरळ अर्थ असा, की सगळे ग्राहक मिळून जेवढं भरतात त्याहून कमी त्यांना परत मिळतं. हे गैर नाही, विमा चालतोच तसा. पण त्यावरून आपल्यापुरता नियम निघतो. जे नुकसान घरातल्या शिलकीतून सोसता येईल, त्याचा विमा ऐच्छिक. ज्या नुकसानापायी घर विकायची वेळ येईल, त्याचा विमा घ्यायचाच. क्रूझचं भाडं बहुतेकांसाठी पहिल्या प्रकारात येतं, परदेशातलं हॉस्पिटल दुसऱ्या.

भाडं परत का मिळत नाही

क्रूझ कंपन्यांचे रद्द करण्याचे नियम पाहिले की राग येतो. तारीख जवळ येईल तशी कापली जाणारी रक्कम वाढत जाते. मंगल कार्यालयाचं गणित आठवलं तर हा नियम समजतो. मे महिन्यातली लग्नाची तारीख डिसेंबरात रद्द केली, तर मालक थोडे पैसे कापून बाकीचे देतो, कारण ती तारीख त्याला दुसऱ्या पार्टीला देता येते. लग्न आठवड्यावर आलेलं असताना मोडलं, तर त्या दिवशी कार्यालय रिकामंच राहणार. केबिनचंही तसंच आहे. जहाज धक्क्यावरून हललं, की रिकाम्या राहिलेल्या केबिनचे पैसे पुन्हा कधीच उभे राहत नाहीत.

म्हणून साधारणपणे तीन-चार महिने आधी रद्द केलं, तर फार तर अनामत जाते. पुढे पाव, निम्मं, पाऊण असे टप्पे येतात आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सरकारी कर व बंदर शुल्क सोडलं तर हाती काही येत नाही. नेमके दिवस प्रत्येक कंपनीचे आणि सफरीच्या लांबीनुसार वेगळे असतात. ते बुकिंगच्या अटींत लिहिलेले असतात आणि तो तक्ता पैसे भरण्याआधी वाचायचा असतो.

इथे विमा उपयोगी पडतो, पण दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की रद्द करण्याचं कारण पॉलिसीच्या यादीतलं असावं लागतं: स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, मृत्यू, अशी मोजकी. मन बदललं, रजा मिळाली नाही, वादळाची भीती वाटली, ही कारणं चालत नाहीत. भारतीय प्रवाशाची सफर अनेकदा व्हिसा नाकारल्यामुळे हुकते आणि बऱ्याच पॉलिसींत नेमकं हेच कारण वगळलेलं असतं. अमेरिकेत ‘कुठल्याही कारणाने रद्द’ असं महागडं जोडकलम मिळतं. पण ते पहिली अनामत भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावं लागतं आणि त्यातूनही साधारण निम्मे ते पाऊण पैसेच परत येतात.

दुसरी अडचण पॉलिसीच्या लाभांच्या तक्त्यात दडलेली असते. भारतात घेतलेल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘१,००,००० डॉलर’ असं असतं. घरातला कोणीतरी ते वाचून निर्धास्त होतो. तोच तक्ता बोट ठेवून खाली वाचत गेलं, की सामान हरवणं, विमानाला उशीर, पासपोर्ट हरवणं अशा ओळी लागतात आणि त्यात कुठेतरी ‘ट्रिप कॅन्सलेशन’ची ओळ असते. तिच्यासमोर कित्येकदा ५०० किंवा १००० डॉलर एवढाच आकडा असतो. वरचे एक लाख डॉलर फक्त वैद्यकीय खर्चाचे. दोघांच्या सफरीचे चार लाख रुपये भरलेत आणि निघायच्या दहा दिवस आधी वडिलांचा पाय मोडला, तर माणशी ५०० डॉलरच्या हिशेबाने फार तर ऐंशी-नव्वद हजार हाती येतील. बाकीचे गेले.

माझं मत स्पष्ट आहे. सगळे प्रवासी धडधाकट असतील, घरी आजारी म्हातारं माणूस नसेल आणि भाडं बुडालं तरी वर्षाचं अंदाजपत्रक कोलमडणार नसेल, तर निव्वळ भाड्यासाठी विमा घेण्यात फारसा अर्थ नाही. अंटार्क्टिकासारखी आयुष्यभराच्या बचतीतून केलेली सफर असेल, तर गोष्ट वेगळी.

जहाजावर दवाखाना असतो, हॉस्पिटल नसतं

हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि याबद्दलच गैरसमज सर्वांत जास्त आहेत. मोठ्या जहाजावर डॉक्टर आणि नर्स दिवसरात्र असतात. ईसीजी, एक्स-रे, रक्ताच्या काही चाचण्या, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, हृदयाला शॉक देणारं यंत्र अशी सोय असते. अमेरिकेतल्या तातडीची सेवा देणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आहेत आणि मोठ्या कंपन्या त्या पाळतात. ताप, जुलाब, घोटा मुरगळणं यासाठी हे पुरेसं असतं. अँजिओग्राफी, मोठी शस्त्रक्रिया, रक्तपेढी मात्र तिथे नसते. जहाजावरच्या डॉक्टरचं काम रुग्णाला स्थिर करायचं आणि जमिनीवर पोचेपर्यंत जगवायचं, हे असतं.

आता एडिसनच्या त्याच कुटुंबाकडे येऊ. समजा, दुसऱ्या रात्री बाबांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर ईसीजी काढतो, रक्त तपासतो, गरज वाटली तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतो. न्यूयॉर्कपासून बर्म्युडा सुमारे १२०० किलोमीटर आहे आणि हेलिकॉप्टरचा पल्ला काही शे किलोमीटरचा. त्यामुळे मधल्या टप्प्यात हेलिकॉप्टर सहसा येऊ शकत नाही. कप्तान वेग वाढवतो. सकाळी बर्म्युडा लागल्यावर बाबांना स्ट्रेचरवरून उतरवून किंग एडवर्ड सातवे स्मारक हॉस्पिटलमध्ये नेतात. गंभीर रुग्णांना दाखल करून घेणारं त्या बेटावरचं ते एकमेव हॉस्पिटल. त्यांच्या आवाक्याबाहेरची केस असेल, तर रुग्णाला एअर अँब्युलन्सने अमेरिकेला पाठवावं लागतं. आईही सामान गुंडाळून उतरलेली असते. जहाज ठरल्या वेळी पुढे निघून जातं.

यात बिलं किती होतात ते पाहा. पहिलं जहाजावरच्या दवाखान्याचं. ते थेट केबिनच्या खात्यात पडतं, ज्या खात्यात कॉफीचे आणि फोटोंचे पैसे पडतात त्याच खात्यात. विमा कंपनीची कॅशलेस सोय तिथवर पोचत नाही, कार्डावर पैसे भरायचे आणि नंतर बिल लावून मागायचे. दुसरं बेटावरच्या हॉस्पिटलचं. परदेशी रुग्णाकडून बरीच हॉस्पिटलं आधी अनामत मागतात. तिसरं एअर अँब्युलन्सचं. चौथं आईच्या हॉटेलचं आणि परतीच्या विमानाचं.

लोकांना वाटतं, सगळ्यांत मोठा खर्च समुद्रातून उचलणाऱ्या हेलिकॉप्टरचा. अमेरिकेचं तटरक्षक दल समुद्रातून सुटका करण्याचे पैसे घेत नाही. कंबरडं मोडतं ते त्यानंतरच्या छोट्या जेट विमानाने, ज्यात डॉक्टर, नर्स आणि अतिदक्षता विभागाची सामग्री असते. अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था प्रवाशांना बजावते, की असं हलवण्याचा खर्च एक लाख डॉलरच्या वर जाऊ शकतो. रुपयांत ही रक्कम ऐंशी लाखांहून जास्त होते. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या दृष्टीने हा एका फ्लॅटचा पैसा आहे.

हलवण्याच्या या कलमाला ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ म्हणतात. त्याबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. रुग्णाला कुठे न्यायचं हे कुटुंब ठरवत नाही. कंपनीने नेमलेल्या सहायता केंद्राचे डॉक्टर ठरवतात आणि जिथे योग्य उपचार मिळतील अशा जवळच्या ठिकाणी नेतात. ते पुणं असेलच असं नाही. शिवाय त्यांना न कळवता स्वतःच विमान ठरवलं, तर पैसे नाकारले जाऊ शकतात. म्हणून सहायता केंद्राचा चोवीस तास चालणारा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. समुद्रात मोबाइलला रेंज नसते, पण जहाजाच्या स्वागतकक्षातून फोन लावता येतो.

‘आईबाबांचा विमा आहेच की!’

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देता येईल. आईबाबांचा विमा आहे, पण तो जहाजावर चालतो का हे चार गोष्टींवर ठरतं.

पहिली म्हणजे भूगोल. भारतात घेतलेली ‘जगभर, अमेरिका-कॅनडासह’ अशी पॉलिसी असेल, तर बर्म्युडाही सहसा त्यात येतं. पण अमेरिकेत आल्यावर काढलेला व्हिजिटर्स इन्शुरन्स मुळात अमेरिकेतल्या मुक्कामासाठी असतो. बाहेरच्या छोट्या सफरींसाठी त्यात वेगळ्या मर्यादा असतात, काही योजनांत ती सोयच नसते.

दुसरी गोष्ट पॉलिसीच्या जातीची. स्वस्त व्हिजिटर्स योजनांत प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते, बिल कितीही येवो. रोजच्या खाटेचे इतके, शस्त्रक्रियेचे इतके. अमेरिकी बिलापुढे ही रक्कम किरकोळ ठरते. सर्वसमावेशक योजनेत बिलाच्या प्रमाणात पैसे मिळतात. भारतीय पॉलिसींतही साठीपुढच्या प्रवाशांना अशा आतल्या मर्यादा अनेकदा लागू असतात.

तिसरी आणि खरी कळीची गोष्ट म्हणजे जुनी दुखणी. साठीपुढच्या बहुतेकांना रक्तदाब किंवा मधुमेह असतो. त्यातून उद्भवलेल्या आजाराचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत, किंवा जिवावर बेतलं तरच आणि मर्यादित रकमेपर्यंत देतात. अमेरिकी योजनांत जुन्या आजाराने ‘अचानक उचल खाल्ली’ तर संरक्षण असं कलम असतं, पण त्याला वयाची अट असते. सत्तरीनंतर ते अनेकदा मिळत नाही. बाबांच्या छातीतलं दुखणं इथेच अडकू शकतं.

चौथी गोष्ट: आईबाबांच्या पॉलिसीतून फक्त आईबाबांचे पैसे मिळतात. मुलगी, जावई आणि नातवंडंही सोबत निघणार असतील आणि बाबा आजारी पडले म्हणून त्यांचंही जाणं रद्द झालं, तर त्यांच्या भाड्याला ती पॉलिसी लागू नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्येष्ठांनीही गाफील राहू नये. तिथल्या मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा नियम असा, की जहाज अमेरिकी बंदरापासून सहा तासांहून जास्त दूर गेलं, तर त्यावरच्या उपचारांचे पैसे मिळत नाहीत. ब्रिटनमध्ये अनेक साध्या प्रवास पॉलिसींत क्रूझ धरलेलीच नसते, तिचं जोडकलम वेगळं घ्यावं लागतं. भूमध्य समुद्रातल्या सफरीसाठी शेंगेन व्हिसा काढताना ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. ती अट व्हिसा मिळवण्यापुरती किमान आहे, तेवढ्यात सगळं भागेल असं समजू नये.

जहाज थांबत नाही

मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ जहाजाचे आठ प्रवासी खासगी सहलीला गेले आणि त्यांना परतायला उशीर झाला. जहाज अजून नांगर टाकून उभं होतं. स्थानिक तटरक्षकांनी त्यांना बोटीतून जहाजापर्यंत नेलंसुद्धा, पण वर घ्यायला कप्तानाने नकार दिला. त्यांचे पासपोर्ट बंदरावरच्या एजंटकडे पोचवले गेले. पुढचे काही दिवस ते देशामागून देश पालथे घालत जहाजाच्या मागे धावले आणि अखेर सेनेगलमधल्या डकारला त्यांना जहाज मिळालं.

स्वतः ठरवलेल्या सहलीवरून उशीर झाला, तर विमा सहसा कामी येत नाही. जहाज कंपनीच्याच सहलीला गेलेल्यांसाठी मात्र जहाज थांबतं. तसंच निघण्याच्या दिवशीचं. सिंगापूरहून दुपारी सुटणाऱ्या जहाजासाठी त्याच पहाटेचं मुंबईचं विमान घेऊ नका. एक दिवस आधी पोचून हॉटेलात राहणं हा जहाज चुकण्यावरचा खात्रीचा विमा आहे. पॉलिसीतल्या कलमाला ‘इतक्या तासांहून जास्त उशीर’ अशा अटी असतात, हॉटेलच्या खोलीला नसतात.

वादळाचंही थोडक्यात सांगतो. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. वादळ आलं तर जहाज बहुधा रद्द होत नाही, ते वाट बदलतं. बर्म्युडाऐवजी दुसरंच बंदर दाखवण्याचा हक्क कंपनीने करारात राखून ठेवलेला असतो. भरपाई म्हणाल, तर वगळलेल्या बंदराचं शुल्क तेवढं परत येतं. वादळाला नाव पडल्यावर घेतलेल्या विम्यात ते वादळ धरत नाहीत.

मुंबईहून निघताना

मुंबई–गोवा अशा दोन-तीन रात्रींच्या सफरीसाठी वेगळा विमा घेण्याची गरज मला वाटत नाही. किनारा जवळ असतो आणि मुंबईत किंवा गोव्यात दाखल व्हावं लागलं, तर घरची मेडिक्लेम चालते. जहाजावरच्या डॉक्टरची फी खिशातून जाईल, ती सोसण्यासारखी असते. लक्षद्वीपची सफर थोडी वेगळी. कवरत्ती कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथल्या गंभीर रुग्णांना हेलिकॉप्टरने कोचीला आणावं लागतं. हृदयविकार असलेल्याने निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं आणि मेडिक्लेममध्ये एअर अँब्युलन्स आहे का ते पाहावं.

सिंगापूर–पेनांग–फुकेत सफरीसाठी वैद्यकीय विमा घ्यावाच, कारण भारतातली साधी मेडिक्लेम देशाबाहेर चालत नाही आणि सिंगापूरचे उपचार महाग आहेत. फक्त आशियासाठीची पॉलिसी इथे पुरते आणि स्वस्त पडते. जपानकडे जाणारं जहाज असेल, तर मात्र जपून: बऱ्याच आशिया पॉलिसींत जपान वगळलेला असतो. क्रेडिट कार्डावर ‘मोफत विमा’ असेल, तर तो बहुतेक वेळा विमान अपघाताचा असतो, जहाजावरच्या न्यूमोनियाचा नाही.

चौकट: पॉलिसी हाती आली की या ओळी शोधा
• वाटेतला प्रत्येक देश पॉलिसीच्या भूगोलात आहे का? ‘क्रूझ’ हा शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीत तर नाही ना?
• वैद्यकीय खर्च आणि इव्हॅक्युएशन यांच्या रकमा वेगळ्या आहेत की एकाच रकमेतून दोन्ही? दूरच्या समुद्रासाठी वैद्यकीय १ लाख डॉलर आणि हलवण्यासाठी अडीच लाख डॉलर असतील, तर मला निश्चिंत वाटेल.
• जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय? वयानुसार मर्यादा आहेत का?
• सोबतच्या माणसाचा राहण्याचा आणि परतीचा खर्च आहे का? दुर्दैवाने मृत्यू ओढवला, तर देह मायदेशी आणण्याचा?
• ट्रिप कॅन्सलेशनच्या ओळीतला आकडा किती?

फॉर्म भरताना

एजंट सांगतो, ‘शुगर कशाला लिहिता, उगाच हप्ता वाढेल.’ या एका वाक्याने अनेक दावे बुडाले आहेत. दावा आला, की कंपनी जुने कागद मागवते. त्यात दहा वर्षांपासून चालू असलेली गोळी सापडली आणि फॉर्मवर ‘नाही’ असेल, तर मग हृदयविकाराचा दावाही संकटात येतो. आईवडिलांचा फॉर्म मुलांनी अंदाजाने भरू नये. औषधांची पिशवी समोर ठेवून, एकेक नाव विचारून भरावा.

जहाजावरून उतरताना दवाखान्याचं तपशीलवार बिल आणि डॉक्टरची टिपणं मागून घ्या, घरी आल्यावर ती मिळवणं फार जिकिरीचं होतं. भारतातल्या कंपनीने दावा नाकारला, तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतची तक्रार तिथे चालते, ती कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत करावी लागते, वकील लागत नाही आणि फीही नाही.